स्वभावगट एकच, मग मूल्यांवरून भांडण का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पाच जण मिळून मुलांना शिकवण्याचं काम करता. सगळ्यांनी सोळा स्वभावप्रकारांची प्रश्नावली भरली. तुम्ही आयएनएफजे निघालात, बाकीचे तिघे ईएनएफजे, आयएनएफपी आणि ईएनएफपी. (ही चार अक्षरांची नावं आहेत: आय-ई म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख, एस-एन म्हणजे लक्ष ठोस तपशिलांकडे की शक्यतांकडे, टी-एफ म्हणजे निर्णय तर्कानं की भावनेनं, जे-पी म्हणजे गोष्टी ठरवून टाकायला आवडतं की मोकळ्या ठेवायला.) म्हणजे चौघेही 'आदर्शवादी' म्हणवल्या जाणाऱ्या एनएफ गटातले. हिशेब आणि नोंदी सांभाळणारा पाचवा सहकारी तेवढा आयएसटीजे. एनएफ गटाच्या वर्णनात तुम्ही वाचलंत की या लोकांची मूल्यं सारखी असतात: सच्चेपणा, माणसांची वाढ, सलोखा, जगण्यातला अर्थ. वाचून वाटलं, आपलं जुळणारच. प्रत्यक्षात देणगीच्या पत्रकावर मुलांचे फोटो छापायचे की नाही, यावरून चौघांत इतकं बिनसलं की दोघांचं बोलणं बंद झालंय, आणि तुमचं सूत जुळतंय ते त्या हिशेबवाल्या सहकाऱ्याशी. तुम्ही विचारताय, चाचणी चुकली का? की एका गटाची मूल्यं सारखी असतात हेच मुळात खोटं?

मी बरीच वर्षं समुपदेशनात आणि कामाच्या ठिकाणच्या गटांबरोबर अशा प्रश्नावल्या वापरत आले आहे. त्या आधारावर माझं उत्तर सांगते. एका स्वभावगटातल्या माणसांचं लक्ष आधी कुठे जातं आणि त्यांच्या मनाला कशानं लागतं, यात खरोखरच पुष्कळ साम्य असतं. पण वेळ आली तर कशासाठी काय सोडायला ती तयार होतील, यात तेवढं साम्य नसतं. आणि मूल्य म्हणजे काय हे ठरतं या दुसऱ्या गोष्टीवरून. त्यामुळे चाचणीही फारशी चुकली नसेल आणि तुमचं भांडणही खरंच असेल. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

आता ज्या गोष्टींवर बरंच अवलंबून आहे त्या आधी सांगते. तुम्ही फक्त अक्षरं कळवलीत, आकडे कळवले नाहीत. अक्षर एवढंच सांगतं की माणूस मध्यरेषेच्या कुठल्या बाजूला पडला. ते किती अंतरावर, हे आकडा सांगतो. अशा प्रश्नावल्यांचे गुण मांडून पाहिले तर बहुतेक माणसं मध्याच्या आसपास दिसतात, दोन टोकांना दोन वेगळे पुंजके दिसत नाहीत. सीमारेषेच्या अलीकडची आणि पलीकडची दोन गावं नकाशावर दोन देशांत मोडतात, पण त्यांचं रोजचं जगणं आपापल्या राजधानीपेक्षा एकमेकांशी जास्त जुळतं, तसं इथे होतं. ज्याचा एन जेमतेम आहे तो जेमतेम एस असलेल्या माणसाच्या जवळ असतो, टोकाच्या एनपासून दूर असतो. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तर निदान एक अक्षर बदललेली माणसं भरपूर निघतात, काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत.

दुसरं, प्रश्नावली कुठल्या मनानं भरली हेही महत्त्वाचं. समाजासाठी काही करणाऱ्या गटांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहते. माणसं 'मी कसा आहे' याचं उत्तर देण्याऐवजी 'मी कसा असायला हवा' याचं उत्तर देतात. अशा गटात भावनेकडचे गुण वर सरकतात. म्हणजे चौघांपैकी एखादा एनएफ हा स्वभावापेक्षा कामाच्या वातावरणामुळे एनएफ दिसत असू शकतो. चौघांना एकदा विचारून पाहा. एकमेकांसमोर मात्र नको.

आता 'गटाची समान मूल्यं' हा भाग कुठून आला ते पाहू, कारण तुमच्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये स्वभावप्रकारांची मांडणी केली. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी प्रश्नावली घडवली, ती १९६२ मध्ये प्रकाशित झाली. ती मोजते ते कल: ऊर्जा कुठून मिळते, माहिती कशी घेता, निर्णय कशाच्या आधारे करता, बाहेरच्या जगाशी वागताना गोष्टी ठरवून टाकायला आवडतं की मोकळ्या ठेवायला. 'तुम्हाला काय सर्वांत मोलाचं वाटतं' हा तिचा विषयच नाही.

मूल्यं आत आली ती नंतर. डेव्हिड कीर्सी या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हे सोळा प्रकार चार गटांत बसवले: एसजे, एसपी, एनएफ आणि एनटी. पुढे त्यांना संरक्षक, कारागीर, आदर्शवादी आणि तर्कनिष्ठ अशी नावं रूढ झाली. कीर्सींच्या मांडणीमागे जुने विचारवंतही होते. त्यांतले एक जर्मन तत्त्वज्ञ एडुआर्ट श्प्रांगर. श्प्रांगर यांनी १९१४ मध्ये माणसांचे प्रकार पाडले ते थेट मूल्यांवरूनच, म्हणजे कुणाला सत्य सर्वांत मोलाचं, कुणाला उपयुक्तता, कुणाला सौंदर्य, कुणाला माणसांविषयीचं प्रेम, कुणाला सत्ता, कुणाला आयुष्याचा अंतिम अर्थ. तिथे आधी मूल्य आणि मग प्रकार, असा क्रम होता. आज आपण जी वर्णनं वाचतो त्यांत क्रम उलटा झालाय: आधी अक्षरं मोजायची आणि मग त्या अक्षरांच्या माणसाची मूल्यं काय असतील ते लिहायचं. मोजमाप अक्षरांचं झालेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की मूल्यांचंही झालं.

त्यातून ही वर्णनं सगळ्यांनाच आपली वाटतील अशी असतात. सच्चेपणा नको, सलोखा नको, माणसांची वाढ नको असं कोण म्हणेल? मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं आणि ते किती लागू पडतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना वर्णन एकच दिलं होतं. म्हणून एखादा गट वर्णन वाचून 'अगदी आम्हीच' म्हणतो तेव्हा मी त्यावरून फारसा निष्कर्ष काढत नाही.

तरीही कीर्सींची एक गोष्ट मला कामात फार उपयोगी पडते, आणि तुमचं आयएसटीजे सहकाऱ्याशी का जमतं याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. त्यांच्या मते चारही गट दोन गोष्टींवरून ओळखता येतात. पहिली, माणूस बोलतो कशाबद्दल: समोरच्या ठोस गोष्टींबद्दल की कल्पना, शक्यता आणि अर्थाबद्दल. दुसरी, काम करतो कसं: आधी सगळ्यांना मान्य असलेल्या रीतीनं चालतो, की आधी परिणाम साधणारी वाट धरतो. आदर्शवादी आणि तर्कनिष्ठ हे दोघेही अमूर्ताबद्दल बोलतात. पण काम करण्याच्या बाबतीत आदर्शवाद्यांची जोडी जमते ती संरक्षकांशी, कारण दोघांनाही 'हे योग्य मार्गानं होतंय ना' हा प्रश्न आधी पडतो. तुमचा सहकारी एसजे, म्हणजे संरक्षक. तो तुमच्याशी आयुष्याच्या अर्थावर बोलणार नाही कदाचित, पण पत्रक छापण्याआधी 'पालकांची लेखी परवानगी आहे का' हे तो विचारतो आणि तुम्हाला हायसं वाटतं. या हायसं वाटण्यामागे खरी समानता आहे.

उरलेलं निम्मं उत्तर नुसत्या अक्षरांत आहे. तुमचं आणि तुमच्या ईएनएफपी सहकाऱ्याचं काय जुळतं? मधली दोन अक्षरं, एन आणि एफ. तुमचं आणि आयएसटीजेचं काय जुळतं? पहिलं आणि शेवटचं, आय आणि जे. दोन्हीकडे दोनच. मधल्या दोन अक्षरांना गटाचं नाव मिळालं म्हणून ती जास्त महत्त्वाची वाटतात. बैठक किती वेळ चालावी, निर्णय कधी पक्का करावा, शब्द दिला की तो किती पाळावा, या रोजच्या गोष्टींत पहिलं आणि शेवटचं अक्षरच जास्त बोलतं. आणि माणसं एकमेकांना कंटाळतात ती बहुधा या रोजच्या गोष्टींवरून.

मग स्वभावाचा मूल्यांशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मोजलाही गेलाय. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ही चार अक्षरं व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांशी ताडून पाहिली. बहिर्मुख-अंतर्मुख हे अक्षर बहिर्मुखतेच्या घटकाशी आणि एस-एन हे अक्षर नवानुभवांच्या मोकळेपणाशी सुमारे ०.७ इतकं जुळलं (पूर्ण जुळणं म्हणजे १), म्हणजे चांगलंच. टी-एफ हे सौजन्याशी आणि जे-पी हे शिस्तशीरपणाशी ०.४ ते ०.५ च्या दरम्यान जुळलं. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूल्यांची मांडणी केली आणि ती एका वर्तुळात लावली. शेजारची मूल्यं एकमेकांना पूरक, समोरासमोरची एकमेकांना छेद देणारी. पुढच्या संशोधकांनी हे पाच घटक आणि ती दहा मूल्यं एकत्र तपासली, तेव्हा मोकळेपणाचा संबंध स्वयंनिर्णय आणि वैश्विकतेशी (म्हणजे सगळ्यांविषयी सारख्या आस्थेशी) आढळला, सौजन्याचा आपल्या माणसांच्या हिताशी, शिस्तशीरपणाचा कर्तृत्व, सुरक्षितता आणि रीत पाळण्याशी, बहिर्मुखतेचा कर्तृत्वाशी आणि उत्साहाशी.

हे तुमच्या गटाला लावून पाहा. एन आणि एफ समान आहेत, म्हणून वैश्विकता आणि आपल्या माणसांचं हित या दोन मूल्यांकडे चौघेही झुकतील असा अंदाज ठीक आहे. पण सुरक्षितता, रीत, कर्तृत्व, उत्साह यांच्याकडे कोण किती झुकेल हे उरलेल्या अक्षरांवर जातं, आणि त्यात तुम्ही चौघे चार दिशांना आहात. शिवाय हे सगळे संबंध कल दाखवणारे आहेत, एकास एक जुळणारे नाहीत. सरासरीनं शंभर माणसांबद्दल जे म्हणता येतं ते चार माणसांबद्दल म्हणता येत नाही.

आणखी एक बाब तुमच्यासाठी मोलाची आहे. त्या पाच घटकांपैकी एक, म्हणजे मन किती पटकन अस्वस्थ होतं, तो या चार अक्षरांत कुठेच येत नाही. आणि मूल्यांशी सर्वांत कमी संबंध आढळतो तो याच घटकाचा. म्हणजे भांडण किती पेटलं यावरून मतभेद किती खोल आहे हे कळत नाही. दोघांचं बोलणं बंद झालंय म्हणून त्यांची मूल्यं विरुद्ध टोकाला आहेत असं धरून चालू नका. मतभेद अगदी लहान असेल आणि लागलेलं मात्र खूप असेल.

आता फोटोंकडे येते. तुम्ही प्रत्येकाचं म्हणणं नीट मांडलंत ते फार बरं केलंत, कारण सगळं त्यातच आहे.

ईएनएफजे म्हणतो, फोटो छापा. चेहरा दिसला की लोक देतात, आणि देणगी आली की आणखी मुलं शिकतील. आयएनएफपी म्हणते, कुठलंही मूल मदत मागणारा चेहरा म्हणून छापलं जाऊ नये, मग ते आपलं असो वा कुणाचंही, आणि लहान मुलाची संमती ही खरी संमती नसते. ईएनएफपी म्हणते, फोटोच कशाला, मुलांनाच चित्रं काढू द्या, लिहू द्या, काहीतरी नवं होऊ द्या. आणि तुम्ही म्हणता, छापायला हरकत नाही, पण दहा वर्षांनी त्या मुलाला हे पत्रक सापडलं तर त्याला काय वाटेल?

चौघांच्या तोंडी एकच वाक्य आहे: मुलाचं भलं. इथेच गटाचं साम्य दिसतं. चौघांपैकी कुणीही 'छपाई स्वस्त कुठे पडेल' इथून सुरुवात केली नाही. चौघांनीही आधी माणूस पाहिला आणि कृतीचा अर्थ काय होईल ते पाहिलं. लक्ष आधी कुठे जातं, असं मी वर म्हटलं ते हेच.

पण ईएनएफजेच्या मनातलं मूल हे समोर बसलेलं आणि उद्या वर्गात येऊ शकेल असं ठराविक मूल आहे. त्याचं मूल्य आपल्या माणसांचं हित, आणि त्याला कर्तृत्वाची जोड: काम वाढलं पाहिजे. आयएनएफपीच्या मनातलं मूल म्हणजे कुठलंही मूल. तिचं मूल्य वैश्विकता, सगळ्यांना सारखा लागणारा सन्मान. श्वार्ट्झ यांच्या वर्तुळात ही दोन मूल्यं शेजारी शेजारी आहेत, म्हणून एरवी ती हातात हात घालून चालतात आणि माणसांना त्यांच्यातला फरक जाणवतच नाही. फोटोसारखा प्रसंग आला की एकाला दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते. ईएनएफपीचं मूल्य स्वयंनिर्णयाचं, तिला मुलांच्या हातात काहीतरी द्यायचंय. तुमच्या प्रश्नात सुरक्षितता आहे, पुढे कुणाला इजा होऊ नये ही काळजी. तुमचं नोंदी सांभाळणाऱ्या सहकाऱ्याशी का पटलं ते आता आणखी स्पष्ट झालं असेल. परवानगी कुठे ठेवली, कुणी ती मागे घेतली तर काय करायचं, हे त्याचे प्रश्न तुमच्याच काळजीचं कागदावरचं रूप आहे.

युंगच्या परंपरेतले अभ्यासक हाच फरक वेगळ्या रीतीनं सांगतात. त्यांच्या मते एनएफजे मंडळींची भावना बाहेर वळलेली असते, म्हणजे गटाला आणि नात्याला काय योग्य याकडे. एनएफपी मंडळींची भावना आत वळलेली असते, स्वतःच्या आतल्या कसोटीकडे. पहिल्याला वाटतं, सगळ्यांचं मिळून जमलं पाहिजे. दुसऱ्याला वाटतं, मला हे माझ्या मनाशी पटलं पाहिजे. या उपपत्तीला मोजमापांचा पाठिंबा कमी आहे, म्हणून मी ती निदान म्हणून वापरत नाही. ऐकताना मात्र तिचा आधार होतो. जे अक्षराचा माणूस 'आपण' कितीदा म्हणतो आणि पी अक्षराचा 'मला' कितीदा म्हणतो, हे तुमच्या पुढच्या बैठकीत ऐकून पाहा.

एकसारख्या गटांचा एक धोका मला नेहमी दिसतो आणि त्यावर थोडं थांबते. वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र काम करतात तेव्हा मतभेद पहिल्याच आठवड्यात उघड होतात, कारण बोलण्याची तऱ्हाच वेगळी असते. एकाच गटातली माणसं एकाच तऱ्हेनं बोलतात. सन्मान, विश्वास, आपुलकी हे शब्द सगळ्यांचेच असतात. त्यामुळे त्या शब्दांत प्रत्येकजण काय धरतोय हे महिनोन्‌महिने तपासलंच जात नाही. सगळे माना डोलावतात. मग एके दिवशी ठोस निर्णय समोर येतो, आणि जे कळतं ते मतभेद म्हणून कळत नाही. विश्वासघात म्हणून कळतं. 'तू तर माझ्यासारखाच होतास ना?' एनएफ गटात हे जास्त लागतं, कारण या माणसांचं मूल्य आणि त्यांची स्वतःची ओळख यांत फारसं अंतर नसतं. 'ही कल्पना पटत नाही' हे वाक्य 'तू पटत नाहीस' असं ऐकू जातं. मनाला कशानं लागतं, यातलं साम्य मी म्हणत होते ते हेच. तुमच्या गटात समान मूल्यांपेक्षा हे हळवेपण जास्त समान असेल असा माझा अंदाज आहे.

बाकीच्या गटांतही असंच घडतं. दोन एसजे माणसं कर्तव्य आणि सातत्य सारखंच मानतात, पण कर्तव्य कुणाप्रति हे ज्याच्या त्याच्या घडणीवर जातं. दोन परस्परविरोधी संस्थांचे सर्वांत निष्ठावंत कार्यकर्ते एकाच प्रकारचे असू शकतात. एनटी मंडळींना कुशलता आणि तर्कशुद्धता प्रिय, पण ती सत्य शोधायला की वरचढ ठरायला, हा प्रश्न अक्षरं सोडवत नाहीत. एसपींना मोकळीक आणि हातातलं कसब प्रिय असतं. त्यांच्यात मूल्यांची भांडणं कमी दिसतात, बहुधा ती माणसं मूल्यांवर चर्चा कमी करतात म्हणून.

थोडक्यात इथवर: गट तुम्हाला लक्षाची दिशा आणि दुखऱ्या जागा सांगतो. उरलेली अक्षरं कामाची पद्धत सांगतात. मूल्यं काही प्रमाणात यांच्याशी जोडलेली असतात, पण त्यांचा क्रम प्रत्येकाचा स्वतःचा असतो, आणि तो घडतो घर, अनुभव, वय आणि गटातली जबाबदारी यांतून. पैसा उभा करण्याची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे त्याला फोटो वेगळे दिसतात. ईएनएफजे सहकाऱ्याकडे देणग्यांचं काम आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल, तर त्याच्या भूमिकेचा बराच भाग स्वभावापेक्षा त्या जबाबदारीतून आला असेल.

आता काय करता येईल ते सांगते. मूल्यांची यादी देऊन 'तुमची पाच निवडा' असं मी सहसा करत नाही. एनएफ गटात तर नाहीच, कारण सगळेजण त्याच पाच निवडतात आणि पुन्हा सगळं जुळल्यासारखं वाटतं. मूल्य दिसतं ते दोन चांगल्या गोष्टी आमनेसामने आल्या की. म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या कागदावर लिहायला सांगते: गेल्या काही महिन्यांत या कामात कुठला निर्णय मनाला खटकला, त्यात काय मिळालं आणि काय सुटलं. एक अट घालते. सन्मान, प्रेम, न्याय, विश्वास असे मोठे शब्द वापरायचे नाहीत. कुणी काय केलं आणि कुणाला काय झालं एवढंच लिहायचं. मोठे शब्द काढले की फरक लगेच वर येतात.

त्यानंतर प्रत्येकाची भूमिका थोडी थोडी हलवून बघते. आयएनएफपीला विचारा, तेच मूल मोठं झालंय, अठरा वर्षांचं आहे आणि स्वतः म्हणतंय की माझा फोटो छापा, तर? चेहरा न दिसता नुसते लिहिणारे हात दिसले, तर? ईएनएफजेला विचारा, परवानगी दिलेल्या पालकांनी छपाईनंतर ती मागे घेतली, तर उरलेली पत्रकं वाटाल का? ईएनएफपीला विचारा, मुलांच्या चित्रांचं पत्रक काढलं आणि देणगी निम्मीच आली, तर पुढच्या वर्षी काय कराल? स्वतःलाही विचारा, कुठली खात्री मिळाली की तुमची काळजी मिटेल, आणि ती कधीच मिटणार नसेल तर तसं सहकाऱ्यांना सांगितलंय का? उत्तर ज्या ठिकाणी बदलतं ती त्या मूल्याची हद्द. बहुतेक वेळा हद्दी आधी वाटल्या होत्या तेवढ्या लांब नसतात. हात दिसणारा फोटो आयएनएफपीला चालला, तर तुमचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

नाही चालला तर तो खरा मूल्यभेद आहे, आणि त्याला तसंच नाव द्या. गैरसमज, स्वभाव, चाचणी यांच्या मागे तो लपवू नका. अशा वेळी कुणाचं मूल्य श्रेष्ठ हे ठरवत बसण्यापेक्षा तुमचं काम कशासाठी सुरू झालं होतं तिकडे जा, आणि तात्पुरता नियम लिहा: या वर्षी असं करू, अमुक महिन्यात पुन्हा पाहू. नियम लिहायचं काम आयएसटीजे सहकाऱ्याला द्या. त्याला गटाबाहेरचा समजून बाजूला ठेवलंत तर तुमच्या चौघांच्या चर्चेला तळच राहणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की पुढचा सहकारी घेताना एनएफच बघावा की मुद्दाम वेगळा. माझं स्पष्ट मत, अक्षरं बघून कुणालाही घेऊ नका आणि कुणालाही नाकारू नका. ही प्रश्नावली ज्यांची आहे तेच सांगतात की माणसांची निवड करण्यासाठी ती वापरू नये. नव्या माणसाला फोटोंचा हाच प्रसंग सांगा आणि तो काय सोडायला तयार होतो ते ऐका. त्यातून तुम्हाला चार अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त कळेल. चाचणी पुन्हा करायची हौस असेल तर करा, पण या भांडणासाठी तिची गरज नाही.

आणि ज्या दोघांचं बोलणं बंद आहे त्यांना लगेच एकत्र बसवू नका. आधी एकेकाला भेटा आणि विचारा, समोरची व्यक्ती तुझ्याबद्दल नेमकं काय म्हणाली असं तुला ऐकू आलं? माझ्या अनुभवात अशा भांडणांमध्ये कुठेतरी एक वाक्य अडकलेलं असतं, 'तुला पैशांचीच पडलीय' किंवा 'तुला स्वतःच्या पवित्रपणाचीच पडलीय' अशासारखं. म्हणणाऱ्याला ते आठवतही नसतं आणि ऐकणाऱ्याला त्यापुढचं काहीच ऐकू आलेलं नसतं. ते वाक्य आधी दोघांत मोकळं होऊ द्या, आणि फोटोंचा विषय त्यानंतरच्या बैठकीत घ्या.